पुस्तक कोणत्या फळीवर ठेवायचं?

'अमेरिकन फिक्शन' बघा असं कुणाला सांगितलं, की पहिला प्रश्न येतो, "म्हणजे तो वर्णद्वेषावरचा का?" तसा आहे, आणि तेवढाच नाहीही. आम्हा बॉस्टनकरांना तर तो आधी एका घराचा सिनेमा वाटतो. म्हातारी आई, पांगलेली तीन भावंडं आणि पैशांचा प्रश्न.

कॉर्ड जेफरसन यांचं दिग्दर्शक म्हणून हे पहिलंच चित्र. पर्सिव्हल एव्हरेट यांच्या २००१ सालच्या 'इरेशर' या कादंबरीवर ते बेतलं आहे आणि २०२४ मध्ये त्याला रूपांतरित पटकथेचं ऑस्कर मिळालं. नायक थेलोनियस एलिसन, घरात सगळे त्याला 'मंक' म्हणतात. कृष्णवर्णीय प्राध्यापक आणि लेखक, ग्रीक नाटकांच्या आधारे जड कादंबऱ्या लिहिणारा. त्या खपत नाहीत. एकदा तो पुस्तकांच्या दुकानात जातो, तर त्याच्या कादंबऱ्या 'आफ्रिकन-अमेरिकन अभ्यास' या फळीवर! पुस्तकात तसलं काही नाही, पण लेखकाच्या कातडीचा रंग बघून जागा ठरलेली. हा बाबा चिडून स्वतःच गठ्ठा उचलतो आणि दुसरीकडे नेऊन ठेवतो.

खपतं काय, तर गोळीबार, ड्रग्ज, पळून गेलेला बाप, मोडकीतोडकी बोली. वैतागून मंक टोपणनावानं असल्या सगळ्या मसाल्याची एक कादंबरी लिहितो, निव्वळ टवाळी म्हणून. (लिहिताना त्याची पात्रं खोलीतच उभी राहून भांडतात आणि मध्येच थांबून 'आता पुढे काय बोलू?' असं त्यालाच विचारतात. फार मजेदार जागा आहे.) गोरे प्रकाशक खूश होऊन साडेसात लाख डॉलर देऊ करतात. आता तरी नाही म्हणतील म्हणून तो कादंबरीचं नाव बदलून चक्क एक शिवी ठेवायला सांगतो. तेही मान्य!

मग हा माणूस खरं सांगून मोकळा का होत नाही? कारण घर. बॉस्टनमध्ये आईजवळ राहून सगळं निभावत होती ती बहीण, लिसा. स्वतः डॉक्टर, वर घटस्फोटाची ओढाताण. दूर लॉस एंजेलिसला राहणाऱ्या भावाला ती हसत हसत टोमणे मारते. आणि एक दिवस ती अचानक हृदयविकारानं जाते. तिकडे आईला अल्झायमर. धाकटा भाऊ क्लिफ ॲरिझोनात, त्याचाही संसार नुकताच मोडलेला. आईला सांभाळणाऱ्या चांगल्या संस्थेचा खर्च अमेरिकेत किती येतो हे इथल्या वाचकांना सांगायला नको. लाज वाटणाऱ्या पुस्तकाचा पैसा आईच्या औषधपाण्याला लागतो, म्हणून मंक गप्प बसतो.

मला वाटतं सिनेमाची खरी ताकद या सांध्यात आहे. विनोदाचा भाग बघून लोक बाहेर पडतात आणि 'घरचं जरा लांबलं' म्हणतात. अहो, पण घरचं हेच तर उत्तर आहे. समुद्रकाठी बंगली असलेलं, डॉक्टर मुलांचं, जुन्या मोलकरणीला घरचं माणूस मानणारं कृष्णवर्णीय कुटुंब आपण पडद्यावर कितीदा बघतो? त्यांच्यातही रुसवेफुगवे आहेत, बापाच्या आत्महत्येचा न बोललेला सल आहे, आणि उतारवयात त्या मोलकरणीचं, लोरेनचं, झालेलं गोड लग्न आहे. कुणीतरी लांब राहणारा मंक आणि कुणीतरी जवळ राहणारी लिसा, ही वाटणी तर आपल्या घराघरांत आहे. पुण्याला आईबाबांपाशी असलेल्या बहिणीचा रात्रीचा फोन आला की छातीत धस्स होणाऱ्यांना हा सिनेमा जड जाईल.

हसताना मात्र जरा जपून. पुरस्कार समितीतले तीन गोरे परीक्षक दोन कृष्णवर्णीय परीक्षकांचं मत बाजूला सारतात आणि वर म्हणतात, आता कृष्णवर्णीयांचे आवाज ऐकायलाच हवेत! थिएटर खदखदून हसतं. पण 'त्या भागात घर घेऊ नका हं' हा सल्ला नव्यानं आलेल्यांना देणारे आपणच असतो. आणि पुस्तकांचं म्हणाल, तर मुंबईत १९७२ साली ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली, १९७८ ला दया पवारांचं 'बलुतं' आलं, आपण ते वाचून हादरलो. त्यानंतर दलित लेखकाकडून आपण दुःखाच्या आत्मकथनाखेरीज काय मागितलं? त्याची प्रेमकथा, त्याची रहस्यकथा, त्याच्या घरातला विनोद आपण कोणत्या फळीवर शोधतो?

एक तक्रार आहे. लोकप्रिय कादंबरी लिहिणारी सिंटारा शेवटी मंकला तोडीस तोड जाब देते, लोकांना हवं ते लिहिलं तर बिघडलं काय, असा. खरा वाद इथे सुरू व्हायला हवा होता, आणि तिथेच दिग्दर्शक प्रसंग आवरता घेतो. शेवटही एक नाही, अनेक आहेत, पण ते सांगत नाही. जेफ्री राइटचा मंक आणि स्टर्लिंग ब्राउनचा क्लिफ यांच्यासाठी तरी बघाच. जमलं तर भावंडांना एकत्र बसवून, दोन देशांत असलात तर फोन चालू ठेवून.