तसबिरीची साक्ष : ‘संशयकल्लोळ’चे संविधानक आणि पात्रे

पुण्यातील मंडईची दगडी वास्तू 1886 साली उभी राहिली आणि 1893 मध्ये गोविंद बल्लाळ देवलांचे ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक आले. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध शोधण्याचे कारण नाही. परंतु देवलांच्या प्रेक्षकाचे नगरजीवन कसे होते, याची खूण मंडईच्या परिसरात सापडते. तेथे निरनिराळ्या जातींची व पेशांची माणसे परस्परांच्या नजरेखाली वावरतात. माडीच्या खिडकीतून रस्ता दिसतो, पण रस्त्यावरचे बोलणे ऐकू येत नाही. दिसणे आणि ऐकू न येणे यांमधील या अंतरावरच नाटकाचे संविधानक उभे आहे.

मूळ कल्पना मोलिएरच्या 1660 मधील ‘स्गानारेल’ या प्रहसनाची. तीवरून आर्थर मर्फीने 1761 मध्ये ‘ऑल इन द राँग’ लिहिले आणि देवलांनी त्याचे रूपांतर केले. भर रस्त्यात घेरी आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो; खिडकीतून ते पाहणाऱ्या कृत्तिकेला नवऱ्याचे बाहेरचे प्रकरण हाती लागल्यासारखे वाटते. रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर तेथे पडते, ती कृत्तिकेला सापडते. ती तसबीर न्याहाळणारी बायको पाहून फाल्गुनरावही तिच्या जाराचा शोध लागल्याच्या खात्रीने पेटतो. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावाच्या हाती दिसल्यावर अश्विनशेठ रेवतीविषयी साशंक होतो, आणि अखेर रेवतीच्या मनातही कृत्तिकेसंबंधी किल्मिष शिरते.

येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी, की या चौघांपैकी कोणीही खोटे बोलून घोटाळा निर्माण केलेला नाही. देवलांच्या समकालीन ऑस्कर वाइल्डच्या ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ (1895) या नाटकात पात्रे बुद्ध्याच खोटी नावे धारण करतात आणि अखेरीस त्यांचे खोटेच खरे ठरते. त्यातील विनोद वाक्चातुर्याचा आहे. देवलांकडे याच्या उलट घडते. प्रत्येकाने पाहिलेले खरे असते, त्यावरून काढलेले अनुमान तेवढे चुकते. म्हणून ‘संशयकल्लोळ’मधील हास्य सुटे काढून सुभाषितासारखे सांगता येत नाही, ते प्रसंगातच पिकते. फाल्गुनराव हा तर स्वतःच्या घरातील फौजदार आहे. पुरावा जमविण्यात त्याला जो आनंद होतो, तो निर्दोषत्व सिद्ध झाल्याने होणाऱ्या आनंदाहून मोठा आहे. भादव्यासारख्या नोकराला त्याच्या उलटतपासणीत उभे राहावे लागते, तेव्हा मालकाची बुद्धी किती तीक्ष्ण आणि किती व्यर्थ आहे हे एकदमच कळते. कृत्तिका त्याच्या तोडीस तोड आहे. किंबहुना ती त्याची केवळ बळी नाही, यातच दांपत्याच्या प्रसंगांची रंगत आहे.

पात्रांना महिन्यांची आणि नक्षत्रांची नावे देण्याची युक्ती गमतीची म्हणून नेहमी उल्लेखिली जाते. पंचांगात कृत्तिका हे कार्तिकाचे नक्षत्र, फाल्गुनाचे नव्हे. आश्विनाच्या पौर्णिमेला मात्र चंद्र रेवती-अश्विनीच्या आसपास असतो. देवलांनी हे हेतुतः योजले असेल असे ठामपणे म्हणणे धाडसाचे होईल, तरी वाचकाने मनात ठेवावे इतके ते चपखल आहे.

रूपांतराची खरी कसोटी रेवतीच्या पात्रात लागते. मर्फीची बेलिंडा सभ्य घराण्यातील मुलगी आहे. तिच्या विवाहातील अडसर वडिलांनी योजलेले दुसरे स्थळ हा आहे. देवलांची रेवती ही मघा नायकिणीची मुलगी. त्यामुळे संशयाचे वजन चारही पात्रांवर सारखे राहत नाही. कृत्तिकेवर संशय घेणारा फाल्गुनराव प्रेक्षकाला हास्यास्पद वाटतो. रेवतीवर संशय घेणाऱ्या अश्विनशेठच्या पाठीशी मात्र सबंध समाजाचा पूर्वग्रह उभा असतो. म्हणूनच संशय येताच सुशिक्षित, उदार म्हणविणाऱ्या या प्रियकराच्या तोंडी तिच्या जन्माचा उद्धार येतो. तसबीर हे निमित्त, आरोपपत्र आधीच लिहिलेले होते. मंडईला लागून असलेल्या बुधवार पेठेतील प्रेक्षकाला हा फरक उलगडून सांगण्याची गरज नव्हती. संमतिवयाच्या वादाने 1891 मध्ये ढवळून निघालेल्या पुण्यात, नायकिणीच्या मुलीने निष्ठा सिद्ध करावी आणि गृहस्थाने तिच्याशी रीतसर विवाह करावा, हे प्रहसनाच्या आवरणाखाली दाखविणे लहान गोष्ट नव्हती. ‘शारदा’ (1899) लिहिणारा नाटककार येथे आधीच ओळखू येतो. मात्र एक उणीव मान्य करावी लागेल. अश्विनशेठला आपल्या शब्दांचा जाब फारसा द्यावा लागत नाही. घोटाळा उलगडला म्हणजे अपमानही विरला, असे नाटक गृहीत धरते.

1915 मध्ये मंडईच्या परिसरात ‘आर्यन’ हे चित्रपटगृह सुरू झाले. पुढच्याच वर्षी, 1916 मध्ये, देवलांच्या निधनानंतर काही महिन्यांनी गंधर्व नाटक मंडळीने त्यांचे हे नाटक ‘संगीत संशयकल्लोळ’ या नावाने रंगभूमीवर आणले. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव गाजला, पण रेवतीच्या भूमिकेत बालगंधर्व होते. पदांमुळे प्रेमिकांच्या कथेला गद्य प्रयोगात नसलेले स्थान मिळाले, आणि शीर्षकातून फाल्गुनरावाचे नाव गेले.