ऋषिपंचमीची भाजी : परसातील व्रत

चतुर्थीला घरोघरी गजाननाचे आगमन होते. मोदकांचा नैवेद्य होतो, आरत्यांचा गजर होतो, आणि दुसऱ्याच दिवशी त्या गजबजलेल्या स्वयंपाकघरातून फोडणीचा वास नाहीसा होतो. हिंग नाही, मोहरी नाही, तेलाचा थेंब नाही. चुलीवर एकच मोठे पातेले चढते आणि त्यात परसातील दहा-बारा भाज्या आपापल्या रसात शिजू लागतात. भाद्रपद शुद्ध पंचमीची, ऋषींची भाजी ती हीच. कश्यप, अत्रि, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नी आणि वसिष्ठ या सप्तर्षींचे व वसिष्ठपत्नी अरुंधतीचे पूजन करून स्त्रिया या दिवशी बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य करतात. नांगरलेल्या शेतातील धान्य चालत नाही. तळ्याकाठी आपोआप उगवणारा देवभात चालतो, आणि चालते ती स्वतःच्या हाताने माती उकरून वाढविलेली भाजी.

ही भाजी तिच्या मूळ रूपात पाहावी म्हणून गेल्या भाद्रपदात आम्ही आरे-वारे येथे गेलो होतो. रत्नागिरीहून काळबादेवीवरून गणपतीपुळ्याकडे समुद्राच्या कडेने जाणारा रस्ता येथे टेकडीच्या खांद्यावर चढतो. खाली दोन पुळणी, सुरूचे बन आणि पावसाळ्याने गढूळलेला समुद्र. प्रवाशांच्या मोटारी वरच्या वळणावर थांबतात, समुद्र पाहतात आणि पुढे देवदर्शनाला जातात. आम्ही मात्र गावात वळलो. परिचितांचे जांभ्या दगडाचे कौलारू घर, पुढे अंगण, मागे परडे. ओसरीवर गणपती विराजमान होता; पण घरच्या आजींनी आम्हांला चहा दिला आणि लगोलग परड्यात नेले. त्यांचे दुसरे दैवत तेथे होते.

मृगात बी टोचलेले पडवळ आणि शिराळी मांडवावर चढली होती. पडवळे सरळ वाढावीत म्हणून प्रत्येकाच्या टोकाला सुतळीने लहानसा दगड बांधला होता. मोरीच्या पाण्यावर अळू माजले होते. कडेला सुरणाची छत्री, लाल माठाचा ताटवा, दोन ओळी भेंडी, आणि कुंपणापाशी अंबाड्याचे झाड. या साऱ्याभोवती मासेमारीचे जुने जाळे ताणून बांधलेले होते. समुद्रातले जाळे परड्यात कसे, असे विचारताच आजी म्हणाल्या, “माकडांसाठी. पूर्वी राखणीला एक पोर पुरायचे. आता जाळे बांधूनही पुरत नाही. यंदा भोपळा नेलाच त्यांनी.”

रत्नागिरी जिल्ह्यात आज कोणत्याही गावी जा, ही तक्रार कानी येते. वानर-माकडांच्या उपद्रवाने अनेकांनी परसात भाजी लावणेच सोडून दिले आहे. त्यामुळे ऋषींच्या भाजीपुढे आज खरा प्रश्न उभा आहे तो चवीचा नव्हे, परसाचा.

भाजीचा विधी

पंचमीच्या सकाळी पूजा आटोपल्यावर आजी विळीवर बसल्या आणि मुंबईहून सणाला आलेली त्यांची सून पाटावर समोर बसली. आम्ही पाहत होतो तो क्रम येथे देत आहोत. सहा-सात माणसांसाठी पाव किलो सुरण, तेवढाच लाल भोपळा, अळूची आठ-दहा पाने देठांसह, लाल माठाचे जून देठ, दोन शिराळी, एक बेताचे पडवळ, आठ-दहा भेंड्या, मक्याच्या दोन कणसांचे तुकडे, तीन-चार अंबाडे, तीन हिरव्या मिरच्या, वाटीभर ओले खोबरे आणि मीठ, एवढेच साहित्य.

सुरण चिरण्यापूर्वी हाताला कोकम चोळावे. फोडी चिंचेच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून स्वच्छ धुवाव्यात. अळू आणि सुरण यांत सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. घसा खवखवतो तो त्यांनीच. आंबटाची जोड आणि भरपूर शिजविणे हाच त्यावरील उपाय होय. आपल्या पूर्वजांनी अळूच्या प्रत्येक पदार्थात चिंच, कोकम किंवा अंबाडा घातला तो केवळ रुचीसाठी नव्हे.

प्रथम पातेल्यात तांब्याभर पाणी उकळून त्यात सुरण, माठाचे देठ आणि कणसाचे तुकडे घालावेत. ते अर्धेअधिक शिजले की मग चिरलेले अळू आणि ठेचलेले अंबाडे. येथे सुनेने विचारले, “आई, सगळे एकदमच घातले तर?” आजी म्हणाल्या, “अगो, आंबट आधी पडले की कंद हट्टाला पेटतो, मऊ होत नाही.” हे अगदी खरे आहे. आंबटामुळे कंदाच्या पेशींची बांधणी सहजी सुटत नाही. त्यानंतर भोपळा, पडवळ, शिराळी, आणि सर्वांत शेवटी भेंडी व मिरच्या. शिराळी-पडवळाला स्वतःचेच पाणी सुटते, म्हणून वरून पाणी घालण्याची घाई करू नये. झाकण ठेवून मंद आंचेवर सारे एकजीव झाले की मीठ, मग खोबरे, एक हलकी उकळी आणि पातेले खाली. काही घरी वर चमचाभर तूप सोडतात, काही घरी तेही नाही.

फोडणीवाचून या भाजीला चव कोठून येते? भोपळा आणि मका गोडी देतात, अंबाडा आंबटपणा देतो, अळू शिजून रस दाट करते, खोबरे स्निग्धता आणते आणि माठाचे देठ चोखताना त्यात मुरलेला सगळा रस जिभेवर येतो. मसाल्याचे काम भाज्यांनीच वाटून घेतलेले असते. एरवीच्या दिवशीही गृहिणींनी एवढे ध्यानात ठेवावे की, कोवळी, ताजी भाजी योग्य क्रमाने शिजविली तर तिला फारसे काही लागत नाही. शिळ्या भाजीलाच मसाल्याचे पांघरूण घालावे लागते.

ऋषी आणि मका

जेवताना आम्ही एक शंका काढली. मका, लाल भोपळा, मिरची या मूळच्या अमेरिका खंडातल्या वनस्पती. 1492 नंतर त्या जगभर पसरल्या आणि पोर्तुगीज 1498 साली भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरल्यावर पुढील काळात इकडे रुजल्या. भेंडी आफ्रिकेतली समजतात. मग वसिष्ठ-अरुंधतींच्या पानात त्या कशा? आजी क्षणभर थांबून म्हणाल्या, “आल्या कुठूनही असोत, वाढवल्या कोणी ते पाहायचे.”

या उत्तरात व्रताचे मर्म आले असे आम्हांस वाटते. व्रताने भाजीचे कूळ विचारले नाही, तिच्यामागचे श्रम कोणाचे एवढेच विचारले. ऋषिपंचमीच्या कथेतही एक बैल आहे. पूर्वजन्मीचा पिता बैल होऊन मुलाच्याच घरी दिवसभर राबतो आणि रात्री उपाशी राहतो. माता कुत्री होऊन त्याच अंगणात पडलेली असते. दोघांचे बोलणे कानी पडून मुलाचे डोळे उघडतात. कथेत मातेला रजोदोष लावला आहे. स्त्रीच्या निसर्गधर्माला आज कोणी दोष म्हणणार नाही, म्हणू नये. परंतु जो आपल्यासाठी राबतो तो आपल्याच अंगणात उपाशी राहतो, ही त्या कथेतली खंत जुनी होणारी नाही. पिठोरी अमावास्येला अनेक गावी पोळा साजरा होऊन बैलाला पुरणपोळी मिळते, आणि पाचच दिवसांनी एक दिवस त्याच्या कष्टाचे काही न खाता स्त्रिया त्याची उतराई होतात.

आता कोकणातील कित्येक खाचरांतून बैलजोडी गेली आणि पॉवर टिलर आला. बैलाच्या श्रमाचे नको म्हटले तर बाजारातले बहुतेक सारे चालेल, असा तर्क कोणी लढवील. त्या तर्काने नियम पाळला जाईल, व्रत मात्र हातून निसटेल.

वाटा आणि बी

सुनेने तोच विषय काढला. “आई, बाजारात ऋषीच्या भाजीचे तयार वाटे मिळतात. तुम्ही या वयात जाळे बांधता, राखण करता. एवढे कशाला?”

आजी रागावल्या नाहीत. “मिळतात ना गो. आजचा भोपळा बाजारचाच आहे, देव काही रागावत नाही. पण सगळाच वाटा बाजारचा झाला, तर आपण काय घातले त्यात? नुसते मीठ? मी आहे तोवर जाळे बांधीन. पुढचे तू ठरव.”

सून काही बोलली नाही. आमच्याही तोंडून शब्द निघेना. बाहेर पागोळ्यांचा आवाज तेवढा येत होता.

गौरी आल्या, भाजी-भाकरीचा नैवेद्य झाला, गौरीगणपतींचे विसर्जन झाले आणि मुंबईकर निघाले. निघताना आजींनी राखेत घोळून ठेवलेले शिराळ्याचे बी फडक्यात बांधून सुनेच्या पिशवीत टाकले. लाव असे काही त्या म्हणाल्या नाहीत. यंदाच्या श्रावणात आम्हांस निरोप आला. मुंबईच्या गॅलरीत, जुन्या डब्यातल्या मातीत, एक वेल गजांवर चढला आहे आणि त्याला दोन शिराळी धरली आहेत. पंचमीपर्यंत ती उतरवायची नाहीत, अशी घरातल्या लहानग्यांना ताकीद आहे.

सर्वांनाच परडे लाभत नाही. ज्यांना लाभले आहे त्यांनाही ते राखणे आज सोपे राहिलेले नाही. बाजारातून वाटा आणला म्हणून व्रतभंग होतो, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पातेल्यात एक तरी भाजी स्वतःच्या हातची असावी. मोरीच्या पाण्यावरचे अळू असेल, कुंडीतला मूठभर माठ असेल, गॅलरीतले एखादे शिराळे असेल. सप्तर्षींच्या पुढे पान मांडताना त्यात आपलाही घाम थोडा मिसळलेला असावा, एवढेच हे व्रत मागते. ते मागणे पुरे करण्याचे बळ श्रीगजानन आपणां सर्वांस देवो.