दसऱ्याचा नैवेद्य : आयत्या चक्क्याचे आम्रखंड

आश्विन शुद्ध दशमी हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. दारी झेंडूचे तोरण, पाटीवर सरस्वती, देव्हाऱ्यापुढे शस्त्रे व पोथ्या आणि पानात श्रीखंड-पुरी, हा महाराष्ट्रातील असंख्य घरांचा दसरा होय. या श्रीखंडामागील खटाटोप मात्र ज्यांनी केला त्यांनाच ठाऊक. दूध विरजायचे, दही रात्रभर पंचात टांगायचे आणि सकाळी साखर घालून पुरणयंत्रातून काढायचे. नऊ दिवस अखंड दिवा व उपवास सांभाळून थकलेल्या गृहिणीला, नोकरी करणाऱ्या सुनेला किंवा दोघेच राहणाऱ्या वृद्ध दांपत्याला हे दरवर्षी जमतेच असे नाही. मग डेअरीतून चक्का येतो आणि त्याबरोबर मनाला एक रुखरुखही लागते : विकतचे देवाला चालेल काय?

आमच्या मते ही रुखरुख अनाठायी आहे. पान, फूल, फळ, पाणी यांपैकी जे भक्तीने अर्पण होईल ते मी स्वीकारतो, असे भगवंतांनी गीतेच्या नवव्या अध्यायात सांगितले आहे; श्रमांचे माप तेथे मागितलेले नाही. सुदाम्याचे पोहे तरी घरी कांडलेले कोठे होते? भागवताच्या दशम स्कंधात त्याच्या पत्नीने ते चार मुठी पोहे इतरांच्या घरून मागूनच आणले होते.

तथापि आयत्या जिनसांनी श्रम वाचले तरी दक्षता वाचत नाही. नैवेद्य आधी चाखावयाचा नसतो. घरच्या दह्याचा आंबटपणा हाताला ठाऊक असतो. विकतच्या चक्क्याचा व डब्यातील आमरसाचा नसतो. म्हणून येथे जिभेचे काम मापाने करावयाचे.

आश्विनात ताजा आंबा नसतो. वाफेच्या उष्णतेने निर्जंतुक करून हवाबंद डब्यात भरलेला हापूसचा रस मात्र बारमाही मिळतो. डबा फुगलेला वा चेपलेला नसावा. वेष्टनावर शाकाहाराचे हिरवे चिन्ह पाहावे, तसेच साखरेचा आकडाही वाचावा, कारण पुष्कळ डब्यांत साखर आधीच मिसळलेली असते.

साहित्य : चक्का अर्धा किलो, आमरस ३०० ग्रॅम, पिठीसाखर ३५० ग्रॅम, वेलदोड्याची पूड अर्धा चमचा, चमचाभर कोमट दुधात भिजवलेले केशर, चिमूटभर मीठ, बदाम-पिस्त्यांचे काप. हे साखरेचे माप बिनसाखरेच्या रसाचे आहे. रसात दर १०० ग्रॅमला १५ ग्रॅम साखर मिसळलेली असेल, तर ३०० ग्रॅमांतून ४५ ग्रॅम आधीच आली. तेवढी पिठीसाखर कमी करावी.

कृती : आमरस जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर ढवळत दाट होईपर्यंत आटवावा व पूर्ण गार होऊ द्यावा. ही पायरी कोणी गाळू नये. पातळ रस तसाच घातला तर आम्रखंड सैल होते, आणि गरम घातला तर चक्क्याला पाणी सुटते. चक्का ओलसर वाटल्यास तासभर स्वच्छ फडक्यात बांधून टांगावा. नंतर चक्का व साखर एकत्र करून अर्धा तास ठेवावे, पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढावे, आणि रस, मीठ, वेलदोडा व केशर हलक्या हाताने मिसळावे. दोन तास गार ठेवून वर काप पेरावेत. सहा ते आठ माणसांना हे पुरते.

आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळी वा तांब्याच्या भांड्यात ठेवू नये. नैवेद्यासाठी चांदीची वा स्टीलची वाटी घ्यावी. उरलेला रस डब्यात न ठेवता काचेच्या बरणीत काढून शीतकपाटात ठेवावा व दोन-तीन दिवसांत संपवावा. बाजारातील आयसिंग शुगरमध्ये बहुधा मक्याचे पीठ असते. घरात कोणाचा उपवास सुटावयाचा असेल, तर साखर घरीच दळावी. ज्यांना मापावर भरवसा वाटत नाही, त्यांनी नवरात्रापूर्वी एकदा थोड्या प्रमाणात करून पाहावे, म्हणजे दसऱ्याला चाखण्याचा मोह होणार नाही.

विकत आणता येते ते साहित्य. स्नान करून, स्वच्छ ओट्यावर, कुलाचाराप्रमाणे पाण्याचे मंडल करून पान वाढणे व हात जोडणे हे मात्र ज्याचे त्यानेच करावयाचे असते. तेवढे मनोभावे घडले की वाटीतील आम्रखंड प्रसाद झाले. सायंकाळी आपट्याची पाने घेऊन जे दारी येतील, त्यांच्यासाठी त्यातील एक वाटी आधीच बाजूस काढून ठेवावी.