बी-चित्रपटांतील स्त्री-बातमीदार : टॉर्ची ब्लेन मालिकेचा अभ्यास

प्रस्तावना

१९३० च्या दशकातील अमेरिकन चित्रपटांत खुनाचा छडा लावणारा बातमीदार ही व्यक्तिरेखा वारंवार भेटते. पोलिसांच्या आधी घटनास्थळी पोहोचणे, संशयितांना बोलते करणे आणि खुनी हाती लागताच दूरध्वनीवरून कार्यालयाला मजकूर सांगणे, हा या चित्रपटांचा ठरलेला क्रम होय. अल्प खर्चात व घाईने तयार झालेल्या या चित्रपटांचा कलाकृती म्हणून फारसा विचार होत नाही आणि त्यांपैकी बरेचसे तशा विचाराला पात्रही नाहीत. तथापि वॉर्नर ब्रदर्सची टॉर्ची ब्लेन मालिका (१९३७-१९३९) पाहताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. या मालिकेतील स्त्री-बातमीदाराला पडद्यावर जे स्वातंत्र्य लाभले, त्यामागे पुरोगामी भूमिकेपेक्षा निर्मितीची काटकसर अधिक कारणीभूत होती. हा मुद्दा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

काटकसरीतून घडलेला नायक

१९२९ नंतरच्या महामंदीत प्रेक्षक टिकवण्यासाठी अमेरिकन चित्रपटगृहांनी एका तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याची प्रथा स्वीकारली. पहिला मोठ्या ताऱ्यांचा, तर दुसरा साधारण तासाभराचा ‘बी-चित्रपट’. मुख्य चित्रपटाच्या उत्पन्नात निर्मात्याचा टक्केवारीने हिस्सा असे. बी-चित्रपट मात्र बहुधा ठराविक भाड्याने दिला जाई. म्हणजे तो कितीही चांगला झाला तरी मिळकत वाढत नसे. नफा राखण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे खर्च आटोक्यात ठेवणे. वॉर्नरमध्ये हा विभाग ब्रायन फॉय सांभाळत असे.

अशा हिशेबात बातमीदार चपखल बसतो. वृत्तपत्र-कार्यालयाचा देखावा चार मेजे, काही टंकलेखन यंत्रे आणि दूरध्वनी एवढ्यावर उभा राहतो. खर्चिक प्रसंग दाखवण्याऐवजी तो दूरध्वनीवर सांगता येतो. कथेतील काळ पुढे न्यायचा असेल तर पडद्यावर मथळा झळकवला की काम भागते. शिवाय बातमीदार कोठेही शिरू शकतो. रात्रीचा क्लब, तुरुंग, श्रीमंतांचा दिवाणखाना या सर्व ठिकाणी त्याच्या उपस्थितीचे वेगळे कारण द्यावे लागत नाही. त्याचे जलद व खोचक बोलणे बेन हेक्ट व चार्ल्स मॅकआर्थर या माजी पत्रकारांच्या ‘द फ्रंट पेज’ (१९२८) या नाटकाने आधीच लोकप्रिय केले होते. १९३४ पासून निर्मिती-संहितेची अंमलबजावणी कडक झाल्यावर गुंडाला नायक करणे अवघड झाले. कायद्याच्या बाजूचा, पण पोलीस नसलेला नायक अधिक सोयीचा ठरला.

टॉर्ची ब्लेन

मालिकेचे मूळ फ्रेडरिक नेबेल यांच्या ‘ब्लॅक मास्क’ मासिकातील कथांत आहे. त्या कथांतील बातमीदार केनेडी हा मद्यपी पुरुष होता. चित्रपटात त्याच्या जागी ‘मॉर्निंग हेरल्ड’ची टॉर्ची आली आणि तिचा वाग्दत्त पती म्हणून पोलीस अधिकारी स्टीव्ह मॅकब्राइड. ‘स्मार्ट ब्लाँड’ (१९३७) या पहिल्या चित्रपटात टॉर्ची एका मुलाखतीसाठी टॅक्सीतून उतरून चालत्या आगगाडीवर उडी घेते. एवढ्या एका प्रसंगात तिचा परिचय पूर्ण होतो. ग्लेंडा फॅरेलने ही भूमिका विनोदी ढंगाने, तरीही हास्यास्पद होऊ न देता केली.

वास्तवातील चित्र वेगळे होते. इश्बेल रॉस यांचे स्त्री-पत्रकारांवरील पुस्तक १९३६ साली प्रसिद्ध झाले. त्या काळी बहुसंख्य स्त्रियांच्या वाट्याला समाजवृत्ते व महिलांचे पान येई. पहिल्या पानापर्यंत पोहोचणाऱ्या मोजक्याच होत्या. पडद्यावरची टॉर्ची तेथे रोज पोहोचते.

या स्वातंत्र्याचे रहस्य तिच्या लांबलेल्या विवाहात आहे. संकेतानुसार विवाह झाला की स्त्रीची नोकरी संपणार, आणि नोकरी संपली की मालिकाही. त्यामुळे विवाहाचे आश्वासन मिळत राहते, पण मुहूर्त टळत जातो. ‘द ॲडव्हेंचरस ब्लाँड’ (१९३७) मध्ये तर प्रतिस्पर्धी बातमीदार तिच्या विवाहाच्या दिवशीच खोट्या खुनाचा बनाव रचतात आणि तो खून खरा निघतो. चित्रपटाने टॉर्चीच्या नोकरीचे समर्थन एका वाक्यानेही केलेले नाही. त्याला केवळ पुढचा भाग हवा होता, आणि त्यासाठी ती नोकरीत राहणे भाग होते.

मात्र या स्वातंत्र्याची दुसरी बाजू नजरेआड करता येत नाही. टॉर्ची पुरावे दडवते, चोरून ऐकते, पोलिसांच्या टिपणांवर डोळा ठेवते. ‘ब्लाँड्स ॲट वर्क’ (१९३८) मध्ये न्यायालयाच्या अवमानाबद्दल तिला तुरुंगात जावे लागते आणि हा प्रसंगही विनोदाच्या अंगाने जातो. या विनोदाला ताजी पार्श्वभूमी होती. लिंडबर्ग यांच्या बालकाच्या अपहरण व हत्येप्रकरणी १९३५ मध्ये हाउप्टमनवर चाललेल्या खटल्यात वृत्तपत्रांनी जो गदारोळ केला, त्यावर मोठी टीका झाली. १९३७ मध्ये अमेरिकन बार असोसिएशनने न्यायालयातील छायाचित्रणास विरोध करणारा आचारनियम स्वीकारला. त्यानंतर काही महिन्यांतच आलेला हा चित्रपट बातमीदाराच्या उतावळेपणाला कौतुकाने हसतो. लेखकाच्या मते मालिकेतील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे.

एकूण नऊ चित्रपटांपैकी सात फॅरेलने केले. एकात लोला लेन, तर शेवटच्यात जेन वायमन टॉर्ची झाली. वायमनने पहिल्या चित्रपटात लहानशी भूमिका केली होती, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. १९४८ च्या पॅरामाउंट निकालाने निर्मितिसंस्थांची चित्रपटगृहांवरील पकड सैल झाली. पुढे दूरचित्रवाणी आली आणि बी-चित्रपटांचा बाजारच ओसरला.

टॉर्ची मात्र दुसऱ्या नावाने टिकली. १९३८ मध्ये ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅनसोबत लोइस लेन ही बातमीदार अवतरली. तिचा स्वभाव फॅरेलच्या टॉर्चीवरून आणि नाव लोला लेनवरून सुचल्याचे सहनिर्माते जेरी सीगल यांनी १९८८ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाला लिहिलेल्या पत्रात सांगितले. फॅरेलचे निधन १९७१ मध्येच झाले होते.