जपानी स्वरजोड्यांचे वाचन आणि ग्वाल्हेरचा मराठी विद्यार्थी

हिरागाना ही जपानी लिपी देवनागरीप्रमाणेच अक्षराला अक्षर लावून वाचायची असली, तरी तीत शेजारी आलेले दोन स्वर नेहमी लिहिल्याबरहुकूम उच्चारले जात नाहीत. 'से, न, से, इ' असा लिहिलेला शिक्षकवाचक शब्द नित्याच्या बोलण्यात 'सेन्सेऽ' होतो (अवग्रह ही येथे स्वर आणखी एक मात्रा लांबल्याची खूण समजावी), आणि 'तो, उ, क्यो, उ' हे राजधानीचे नाव 'तोऽक्योऽ' असे ऐकू येते. म्हणजे ए-पुढचा इ आणि ओ-पुढचा उ यांना बहुधा स्वतंत्र उच्चार उरत नाही.

शिंद्यांच्या काळापासून मराठी कुटुंबे नांदत आलेल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात वाढलेल्या विद्यार्थ्याला हे परके वाटण्याचे कारण नाही. 'पैसा' हा शब्द घरात 'पइसा' आणि महाराज बाड्यावरच्या बाजारात हिंदी बोलताना 'पॅसा' असा त्याच्या तोंडी सहज येतो. लेखन तेच, पण मराठीत स्वरांचा जोड टिकला आहे आणि हिंदीत त्याचा एकजीव स्वर झाला आहे. शिकवणाऱ्याने प्रारंभ येथूनच करावा.

खरी अडचण लांबीची आहे. मराठीत इ-उ यांचे ऱ्हस्वदीर्घत्व बरेचसे शब्दातील स्थानावर ठरते, हिंदीत 'दिन' आणि 'दीन' वेगळे राखावे लागतात म्हणून ग्वाल्हेरच्या कानाला तेवढा सराव असतो. परंतु ए किंवा ओ लांबल्याने अर्थ पालटतो, हा धडा या दोन्ही भाषा देत नाहीत. जपानीत 'कोको' म्हणजे 'येथे' आणि 'कोऽकोऽ' म्हणजे उच्च माध्यमिक शाळा. हा दुसरा शब्द वाचताना पहिला ओ बऱ्यापैकी लांबतो, पण शब्दान्तीचा ओ श्वास सुटताच आखूड होतो, आणि ऐकणाऱ्याला शब्द अर्धाच पोहोचतो. यावर उपाय हातावर मात्रा मोजण्याचा: 'को' वर एक टाळी, दुसऱ्या टाळीला नवा आघात न देता तोच स्वर चालू, मग पुन्हा 'को' आणि पुन्हा तोच विस्तार, अशा चार सारख्या मात्रा. भातखंडे यांच्या पुढाकाराने 1918 मध्ये माधव संगीत विद्यालय ज्या शहरात उभे राहिले, तेथे ही शिस्त मुलांना मुद्दाम समजावून सांगावी लागू नये.

लेखनात मात्र आणखी एक गुंता आहे. 'ओऽसाका' या नावातील लांब ओ उ-ने नव्हे, तर ओ-नेच लिहितात, कारण जुन्या लेखनात तेथे 'हो' हे अक्षर होते आणि 1946 च्या लेखनसुधारणेने त्याच्या जागी ओ आणला; असे शब्द थोडे असल्याने ते पाठ करणेच सोयीचे. याहून महत्त्वाचा आहे पदच्छेद, म्हणजे शब्दाचे घटक कोठे तुटतात याचे भान. 'को, उ, शि' या तीन अक्षरांचा 'व्याख्याता' असा अर्थ असेल तर उच्चार 'कोऽशि' होतो, पण 'को' म्हणजे पिल्लू आणि 'उशि' म्हणजे गाय-बैल असे दोन घटक जोडून 'वासरू' म्हणायचे असेल, तर उ स्वतंत्र राहतो. 'विचार करणे' या अर्थाच्या 'ओमोउ' मधील शेवटचा उ-देखील क्रियापदाचा प्रत्यय असल्याने लांबीत विरघळत नाही.