लेकीच्या हॉस्टेलचे पैसे भरण्याआधी

बारावीचे निकाल लागले की आपल्या गटांच्या बैठकीत कर्जाची कारणं बदलतात. एरवी शेळी, शिलाई मशीन, बी-बियाणं असतं. जून-जुलैत मात्र बाया म्हणतात, "ताई, लेकीच्या हॉस्टेलसाठी पाहिजेत." आज त्याविषयीच बोलायचं आहे.

पुण्यात शिवाजीनगर, डेक्कन, सदाशिव पेठ, नारायण पेठ या मध्यवर्ती भागांत गावाकडच्या हजारो मुली शिकायला राहतात. पूर्वी वाड्यातली खोली नाहीतर कॉट बेसिसवर एक खाट मिळायची. आता खास विद्यार्थ्यांसाठी चालवलेल्या खाजगी हॉस्टेलच्या इमारतीही आहेत. लिफ्ट, वायफाय, कॅमेरे, खाली मेस. दिसायला छान आणि कॉलेजजवळ. पण तिथं खोली नव्हे, 'बेड' भाड्यानं मिळतो, आणि त्याच्या अटी आपल्या ओळखीच्या नसतात.

आमच्या एका गटातल्या ताईंचं सांगते. लेकीसाठी अशीच एक जागा फोनवरून ठरली. पलीकडचा माणूस म्हणाला, "तीनच बेड उरलेत, आज पैसे टाका." ताईंनी गटातून कर्ज काढून १६,००० रुपये डिपॉझिट मोबाईलवरून पाठवलं. मुलीनं इंग्रजी फॉर्मवर सही केली. दोन महिन्यांनी प्रवेशाच्या पुढच्या फेरीत तिला शहराच्या दुसऱ्या टोकाचं कॉलेज मिळालं. डिपॉझिट मागायला गेलो, तर त्यांनी फॉर्मवरची ओळ दाखवली: अकरा महिन्यांआधी सोडल्यास डिपॉझिट परत नाही. तीन चकरा मारल्यावर ४,००० रुपये हातात पडले. बाकीच्या बारा हजारांचे हप्ते ताईंनी शेतमजुरी करून फेडले.

चूक एकट्या त्यांची नव्हती. कर्ज मंजूर करताना मीही त्या बैठकीत होते. "फेडणार कसे?" एवढंच आम्ही विचारलं. "कागदावर काय लिहिलंय?" हे कुणीच विचारलं नाही.

म्हणून आता आमच्या गटात नियम आहे. हॉस्टेलसाठी कर्ज हवं असेल तर आधी करार किंवा फॉर्म बैठकीत आणायचा आणि वाचायचा. इंग्रजी असेल तर शाळेतल्या मॅडमकडून समजून घ्यायचा. त्यात काय बघायचं ते सांगते.

पहिलं, 'लॉक-इन'. म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी जागा सोडता येत नाही, सोडली तर पैसे जातात. मुदत किती आणि सोडण्याआधी किती दिवसांची नोटीस द्यायची, हे विचारा. कॉलेजचा प्रवेश पक्का होईपर्यंत वर्षभराच्या जागेचे पैसे भरू नका. तोवर महिन्याच्या बोलीवर राहता येतं का ते बघा.

दुसरं, डिपॉझिट. ते किती दिवसांत परत मिळणार आणि रंग, साफसफाई, मोडतोड यांसाठी किती कापणार, हे लिहून घ्या. पहिल्या दिवशी खोलीतल्या गादी, कपाट, पंख्याचे मोबाईलवर फोटो काढा. आधीच मोडलेली वस्तू आपल्या माथी यायला नको.

तिसरं, वर्षाचा हिशेब. समजा भाडं महिना ८,००० रुपये. अकरा महिन्यांचे ८८,००० झाले. प्रवेश शुल्क २,०००, विजेचे महिना ५०० प्रमाणे ५,५००. खर्च झाला ९५,५००. वर १६,००० डिपॉझिट अडकलेलं. म्हणजे वर्षात हातातून १,११,५०० रुपये जाणार. 'महिना आठ हजार' ऐकून ठरवलं तर दिवाळीनंतर दमछाक होते. मेस भाड्यात आहे का, रविवारी रात्री बंद असते का, सुट्टीत घरी आल्यावरही भाडं लागतं का, हेही विचारा. भाड्यावर जीएसटी लावला तर कारण विचारा. जुलै २०२४ पासून माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतच्या भाड्याला, सलग किमान ९० दिवस राहणार असल्यास, तो माफ आहे.

चौथं, पावती. प्रत्येक रकमेची घ्या. मूळ गुणपत्रिका किंवा दाखला कुणाकडे ठेवायला देऊ नका, झेरॉक्स द्या. चारजणी मिळून फ्लॅट घेणार असतील तर लक्षात ठेवा, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती नोंदणी करून घेणं ही मालकाची जबाबदारी आहे.

पाचवं, जागा डोळ्यांनी बघा, आणि संध्याकाळी बघा. रस्त्यावर उजेड आहे का, रात्री बाई रेक्टर असते का, आग लागली तर बाहेर पडायला दुसरा जिना आहे का. तिथं राहणाऱ्या मुलींशी मॅनेजर जवळ नसताना बोला. पाणी आणि जेवण कसं आहे, ते त्याच खरं सांगतील.

आणि खाजगी हॉस्टेलकडे वळण्याआधी बाकीची दारं ठोठावा. कॉलेजचं वसतिगृह, समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाची शासकीय वसतिगृहं आहेत. तिथं जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांना स्वयं योजना, इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांना सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अटी त्या त्या विभागाच्या जिल्हा कार्यालयात विचारा. पुण्यात १९५५ साली सुरू झालेली विद्यार्थी साहाय्यक समिती गावाकडच्या गरजू मुला-मुलींची कमी खर्चात राहण्याची सोय करते. अशा ठिकाणी अर्ज लवकर करावा लागतो, म्हणून निकालाची वाट बघत बसू नका.

मैत्रिणींनो, गटात दहा रुपयांचा दंडसुद्धा आपण वहीत लिहितो, सही घेतो, पुढच्या बैठकीत वाचून दाखवतो. शहरातल्या काचेच्या दाराआत गेलं की मात्र विचारायला संकोच वाटतो. 'आपल्याला काय कळतं' म्हणून मान डोलावून पैसे देऊन येतो. पण हिशेब तोच आहे आणि तो आपल्याला येतो. येत्या बैठकीत ज्या घरातली मुलगी बारावीला आहे, त्या ताईला जवळ बसवा आणि हे पाच प्रश्न तिच्या वहीत लिहून द्या.