गुणांसाठी लिहिलं, न्यायालयात पोचलं

अमेरिकेतल्या व्हर्मॉंट राज्यात मिडलबरी नावाचं जुनं कॉलेज आहे. तिथे जपानचा इतिहास शिकवणारे प्राध्यापक नील वॉटर्स उत्तरपत्रिका तपासत होते. प्रश्न शिमाबाराच्या उठावाचा होता. १६३७-३८ साली क्यूशू बेटावर कराच्या ओझ्याखाली पिचलेल्या शेतकऱ्यांनी बंड केलं, त्यात ख्रिस्ती झालेल्यांचा भरणा मोठा होता. एका विद्यार्थ्याने लिहिलं की बंडाला जेझुइट पाद्र्यांची फूस होती. दुसऱ्याने तेच लिहिलं, तिसऱ्यानेही तेच. पाद्र्यांना जपानमधून हाकलण्याचा हुकूम तर १६१४ सालीच सुटला होता, त्यानंतर बंडाला उघड मदत करण्याच्या स्थितीत ते नव्हतेच. सगळ्यांची चूक एकच म्हटल्यावर कोणालाही कॉपीचा संशय येईल. पण पोरांनी एकमेकांचं पाहून लिहिलं नव्हतं, सगळ्यांनी इंग्रजी विकिपीडियावरचं एकच पान वाचलं होतं.

२००७ च्या सुरुवातीला मिडलबरीच्या इतिहास विभागाने ठराव केला: वाचायचं तर वाचा, पण पेपरात आणि निबंधात आधार म्हणून विकिपीडियाचं नाव चालणार नाही. बातमी जगभर गेली. गंमत अशी की विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स यांचंही म्हणणं वेगळं नव्हतं. ज्ञानकोश सुरुवातीला चाळायचा असतो, दाखला म्हणून द्यायचा नसतो, मग तो छापील असो की ऑनलाइन. ठराव रास्तच होता. पण पान चुकलेलं दिसतंय आणि त्यावर ‘संपादन’ असं बटण ठळक लिहिलेलं आहे, तर ती चूक दुरुस्त कोणी करायची, याचं उत्तर त्या ठरावात नव्हतं.

ते उत्तर वर्षभराने कॅनडात व्हँकुव्हरला मिळालं. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात जॉन बीझली-मरे लॅटिन अमेरिकी साहित्य शिकवतात. २००८ च्या जानेवारीत त्यांनी अभ्यासक्रमातल्या लेखकांची आणि कादंबऱ्यांची विकिपीडियावरची पानं उघडून पाहिली. काही पानं चार ओळींची होती, काहींचा पत्ताच नव्हता. त्यांनी वर्गाला सांगितलं, या सत्रात निबंध नाही, ही पानं लिहायची. अट अशी की विकिपीडियाच्या परीक्षकांनी लेखाला ‘चांगला लेख’ हा दर्जा दिला तर गटाला ‘ए’, आणि ‘निवडक लेख’ हा सर्वोच्च दर्जा मिळाला तर ‘ए प्लस’. म्हणजे गुण देण्याची निम्मी किल्ली त्यांनी वर्गाबाहेरच्या अनोळखी माणसांच्या हाती ठेवली. आपल्याकडे असा प्रस्ताव अभ्यास मंडळापुढे ठेवून पाहावा, बैठक चहाच्या आधीच संपेल.

‘निवडक लेख’ हे प्रकरण सोपं नसतं. लाखो लेखांतून फार थोड्यांना हा मान मिळतो. परीक्षक वाक्यावाक्याला अडवतात: हे विधान कुठल्या पुस्तकात आहे, पान कितवं, ‘समीक्षकांच्या मते’ म्हणजे नक्की कोणाच्या? ग्वातेमालाचे नोबेलविजेते लेखक मिगेल आंगेल आस्तुरियास यांची हुकूमशहावरची कादंबरी ‘एल सेन्योर प्रेसिदेंते’ ज्या गटाकडे होती, त्याला हे सगळं सोसावं लागलं. लिहायचं, कोणीतरी खोडायचं, ग्रंथालयात जाऊन आधार शोधायचा, पुन्हा लिहायचं. सुदैवाने विकिपीडियावरच्या काही मुरलेल्या संपादकांना या वर्गाचा सुगावा लागला आणि ते आपण होऊन मदतीला आले. सत्राच्या अखेरीला हिशेब झाला तो असा: तीन निवडक लेख, आठ चांगले लेख. निवडक ठरलेल्या तिघांत आस्तुरियासची कादंबरी होती, सिमोन बोलिव्हारच्या अखेरच्या दिवसांवरची गार्सिया मार्केस यांची कादंबरी होती, आणि पेरूचे लेखक मारिओ व्हार्गास योसा यांचं चरित्र होतं. २०१० साली योसांना नोबेल जाहीर झालं. त्या दिवशी हा माणूस कोण म्हणून शोधत आलेल्या जगापुढे जे पान उघडलं, त्याचा पाया व्हँकुव्हरच्या पोरांनी दोन वर्षं आधी एका सत्रात घातलेला होता.

बीझली-मरे यांचा मुद्दा मला फार पटतो. नेहमीचा निबंध विद्यार्थी एकदाच लिहितो, शिक्षक एकदाच वाचतो, आणि त्यानंतर त्याच्याकडे कोणीही फिरकत नाही, लिहिणाराही नाही. आपल्याकडची सबमिशनची फाइल आठवा. मागच्या वर्षीच्या कोणाकडून तरी मिळवलेली, रात्रभर बसून उतरवलेली, सही-शिक्का झाला की विभागाच्या कपाटात गेलेली आणि काही वर्षांनी रद्दीवाल्याकडे. अनोळखी वाचक समोर असला की लिहिणाऱ्याचा हात आपोआप जपून चालतो.

शिकवण्याच्या दृष्टीने या व्यासपीठाची खरी करामत मात्र त्याच्या स्मरणशक्तीत आहे. प्रत्येक पानाला ‘इतिहास पाहा’ अशी एक कळ असते. ती दाबली की पानाच्या जन्मापासूनचा एकेक बदल, करणाऱ्याचं सदस्यनाम आणि मिनिटापर्यंतची वेळ, सगळं ओळीने समोर येतं. कुठल्याही दोन आवृत्त्या शेजारी ठेवता येतात, कुठला शब्द गेला आणि कुठला आला ते रंगाने उठून दिसतं. गटाने करायच्या प्रकल्पातलं जुनं दुखणं, एकाने राबायचं आणि चौघांनी नावं लावायची, इथे चालत नाही. कोणी रात्री पावणेतीनला परिच्छेद लिहिला आणि कोणी फक्त स्वल्पविराम हलवला, हे शिक्षकाला घरबसल्या कळतं. प्रत्येक लेखाला जोडलेलं चर्चापान असतं, तिथे वाद घालायचे. आणि कच्चं लेखन करायला प्रत्येक सदस्याला स्वतःची वेगळी जागा असते. १ मे २००३ ला, महाराष्ट्रदिनी, सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर या जागेला ‘धूळपाटी’ म्हणतात, आणि हे नाव ज्याने ठेवलं त्याला दाद द्यायला हवी. गिरवा, पुसा, पुन्हा गिरवा. जमलं की मग पान सर्वांसमोर न्या.

शिक्षकांची अडचण एका वेगळ्याच ठिकाणी होते. निबंधात आपण विद्यार्थ्याला सांगतो, स्वतःचं मत मांड. ज्ञानकोशात नेमकं तेच चालत नाही. ‘ही कादंबरी अजोड आहे’ असं लिहिलं की शेजारी ‘संदर्भ हवा’ अशी चिठ्ठी चिकटते. आधी कोणी छापलेलं नाही असं काहीही, कितीही खरं असलं, तरी आत येत नाही. त्यामुळे हुशार विद्यार्थी सुरुवातीला चिडतात. मत आणि माहिती यांतली सीमारेषा स्वतःच्या वाक्यात शोधायला लागणं ही शिक्षा त्यांना पहिल्यांदाच होत असते.

वैद्यकाच्या विद्यार्थ्यांकडे हे काम गेलं तेव्हा त्याचं वजन आणखी वाढलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डॉ. अमीन अझ्झाम यांनी २०१३ पासून शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी एक ऐच्छिक विषय काढला: महिनाभर विकिपीडियावरचा एखाद्या आजाराचा लेख सुधारायचा आणि त्याचे श्रेयांक घ्यायचे. पहिल्या ४३ विद्यार्थ्यांचा हिशेब पुढे शोधनिबंधात आला. त्यांनी मिळून १,५२८ बदल केले, कच्चे संदर्भ काढून भक्कम संदर्भ घातले. ज्या महिन्यांत ते काम करत होते तेवढ्याच काळात ते लेख ११ लाखांहून अधिक वेळा उघडले गेले. नवा डॉक्टर आयुष्यभरात किती रुग्ण तपासेल, याच्याशी हा आकडा ताडून पाहावा. त्या विद्यार्थ्यांना एक पेच पडला, तो मला आकड्यांपेक्षा मोलाचा वाटतो: सगळं सांगायला जावं तर सामान्य वाचकाला कळत नाही, आणि सोपं करावं तर काहीतरी सुटतं. बाह्यरुग्ण विभागात पुढे हाच पेच रोज पडणार असतो.

हे वारं पुण्यालाही आलं. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने २०१० मध्ये अमेरिकी विद्यापीठांत असा कार्यक्रम रीतसर सुरू केला होता. अमेरिकेबाहेर पाऊल टाकताना त्यांनी निवडलेल्या ठिकाणांत पुणे होतं. २०११ च्या जूनच्या सुमारास शहरातल्या काही महाविद्यालयांत शेकडो विद्यार्थ्यांना इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचं काम देण्यात आलं, आणि नोव्हेंबरात कार्यक्रम गुंडाळावा लागला. पुस्तकांतले आणि संकेतस्थळांवरचे उतारेच्या उतारे जसेच्या तसे पानांवर येऊन पडले होते. मुरलेले संपादक ते उपसता उपसता मेटाकुटीला आले, कारण उचललेला मजकूर ओळखायचा तर प्रत्येक बदल हाताने तपासावा लागत होता. पुण्याची पोरं आळशी, एवढ्यावर हे सोडून देता येणार नाही. नंतर झालेल्या मूल्यमापनात कारणं स्वच्छ दिसली. आरंभालाच संख्या फार मोठी घेतली होती. मार्गदर्शक म्हणून नेमलेले तरुण स्वतःच नवखे होते, त्यांनी विकिपीडियावर फारसं लिहिलेलं नव्हतं. काही शिक्षकांचंही तसंच होतं. आणि उतरवून काढणं म्हणजेच अभ्यास, ही शाळेपासूनची सवय एका कार्यशाळेने कशी जाणार?

प्रताधिकाराचा मुद्दा इथे नीट समजून घेण्यासारखा आहे. विकिपीडियावर बदल प्रकाशित करण्याची कळ दाबताना लिहिणारा आपला मजकूर जगाला खुल्या परवान्यावर देऊन टाकत असतो: कोणीही घ्या, बदला, छापा, विका, फक्त मूळ लेखकांचा उल्लेख करा आणि पुढेही तो असाच खुला ठेवा. जे माझं नाही ते मी दान कसं करणार? वहीतली उचलेगिरी शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात मिटते. इथे तीच चूक हजारो वाचकांच्या आणि पुनर्मुद्रण करणाऱ्यांच्या गळ्यात पडते. पुढे भारतात हे काम लहान प्रमाणावर आणि भारतीय भाषांत सुरू राहिलं. बंगळुरूच्या ख्राइस्ट विद्यापीठात भाषेच्या वर्गातले विद्यार्थी कन्नड, हिंदी, तमिळ, संस्कृत विकिप्रकल्पांवर लिहू लागले. महाराष्ट्रात राज्य मराठी विकास संस्थेने कार्यशाळा घेतल्या. आपल्या भाषेत लिहिण्याचा एक आडवळणी फायदा असा की इंग्रजी पुस्तकातला उतारा तिथे जसाच्या तसा चिकटवता येत नाही. मराठीत आणायचा तर आधी समजून घ्यावा लागतो.

एवढं सगळं खरं, पण विद्यार्थ्याने लिहिलेल्या एका पानाने जगात खरोखर काही हलतं का? वाचकसंख्येवरून ते सिद्ध होत नाही. त्यासाठी प्रयोग लागतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले नील थॉम्प्सन आणि आयर्लंडच्या मेनूथ विद्यापीठातले ब्रायन फ्लॅनगन यांनी सहकाऱ्यांसोबत तो करून दाखवला, आणि या विषयात याच्याइतकी चकित करणारी दुसरी गोष्ट माझ्या वाचनात नाही.

आयर्लंडमध्ये आपल्यासारखीच इंग्रजी वळणाची न्यायपद्धती आहे. वरच्या न्यायालयाचा जुना निवाडा खालच्यावर बंधनकारक असतो, निकालपत्रात असे दाखले द्यावे लागतात. आयरिश सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांवर विकिपीडियात तोवर फारसे लेख नव्हते. मेनूथच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली दीडशेहून अधिक निवाड्यांवर लेख लिहिले. मग यादृच्छिक निवड करून निम्मे विकिपीडियावर चढवले आणि निम्मे बाजूला ठेवले. औषधाच्या चाचणीत काहींना औषध देतात आणि काहींना देत नाहीत, तशी ही रचना. दोन्ही गटांतले निवाडे सारख्याच तोलाचे, फरक फक्त पान असण्या-नसण्याचा.

निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या निवाड्यांचं पान होतं, त्यांचे दाखले न्यायाधीशांनी वीस टक्क्यांहून जास्त प्रमाणात दिले. निकालपत्रांच्या भाषेवरही त्या लेखांच्या शब्दांची छाप सापडली. म्हणजे वर्गात गुणांसाठी लिहिलेली वाक्यं, कोणी विद्यार्थ्याचं नाव घेतलं नाही तरी, खऱ्या खटल्यांच्या निकालात झिरपली होती.

आतला तपशील तर आणखी विचार करायला लावणारा आहे. वाढ मुख्यतः उच्च न्यायालयात दिसली. आयर्लंडमध्ये ते खालच्या पायरीवरचं, खटल्यांचा मोठा भार वाहणारं न्यायालय. अपील न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयात ती जवळपास नव्हतीच. संशोधकांचा अंदाज असा की टेबलावर गठ्ठे साचले की न्यायाधीश किंवा त्यांचे सहायक पटकन हाताशी येणाऱ्या पानाकडे वळतात. शिवाय, न्यायाधीश जो युक्तिवाद करत होते त्याला पूरक निवाड्यांच्या बाबतीत ही वाढ ठळक होती, विरोधी जाणाऱ्यांच्या बाबतीत नाही. मेनूथचे लेख प्राध्यापकांच्या नजरेखालून गेलेले होते. तसे न गेलेले, किंवा एखाद्या पक्षकाराने खटला चालू असताना हळूच बदललेले पान याच वाटेने आत येऊ शकतं, हे ओळखून संशोधकांनी विधिक्षेत्रापुढे दोनच पर्याय ठेवले: कायद्यावरची ही पानं जाणकारांनी तपासून द्यावीत, नाहीतर न्यायाधीशांनी आणि त्यांच्या सहायकांनी ती वापरू नयेत.